डाव्या खांद्याचं माप

आमच्या भागात मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घेतात. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट पुढे कापूस कोंबून, आणि रेनकोट तर असा की पहिल्या वर्षी मूल त्यात शोधावं लागतं. यात चूक काही नाही, माझंही बालपण अशाच ढगळ फ्रॉकात गेलं. पण व्हायोलिनसुद्धा याच रीतीनं घेतलं जातं आणि मग ते माझ्या दुकानात येतं. सोबत मान वाकडी केलेलं एक मूल असतं आणि मागे आईबाप. "ताई, हौसेनं घेऊन दिलं हो, पण हिला आता कंटाळा येतो," असं ते सांगतात.

कंटाळा नसतो तो. दुखत असतं.

पेणच्या बाजारात आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं तेव्हा भजनी मंडळांच्या पेट्या आणि मृदंग हेच काम. त्यांच्या हाताखाली मी बारीक लाकूडकाम शिकले आणि ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. अजूनही नवं गिऱ्हाईक मला बघून विचारतं, "मिस्त्री कधी येतील?" मी सांगते, "जेवून येतील, बसा." मग घरी जाऊन जेवून येते आणि त्याच खुर्चीत बसून पेटी उघडते.

व्हायोलिनचं काम नंतर वाढलं. रोह्याला पूल ओलांडून अष्टमीत गेलं की एका सरांचा क्लास आहे. रविवारी तिथे मुलांची झुंबड असते. मीही रविवारी गाडीनं रोह्याला जाते आणि हत्यारांची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसते. सर सूर बघतात, मी मुलं बघते.

माझा स्वभाव जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला का, हे बघायला मी स्टेशनवरून परत फिरलेली बाई आहे. घरचे वैतागतात, पण या कामात हा स्वभाव फार उपयोगी पडतो. मोठा माणूस वाद्य टोचलं की बोंब मारतो. मुलाला वाटतं, व्हायोलिन म्हणजे टोचणारच, सगळ्यांनाच टोचत असणार. ते सांगत नाही. म्हणून त्याच्या वाटणीची काळजी दुसऱ्या कुणीतरी करावी लागते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुलांची व्हायोलिनं पाव, अर्धं, पाऊण अशी वाण्याच्या मापांसारखी मिळतात. आपल्याकडे ते मांडी घालून वाजवतात. उजवं पाऊल जरा पुढे घ्यायचं, व्हायोलिनचं डोकं त्या पावलावर टेकवायचं आणि बूड डाव्या खांद्याशी, हासळीवर. हासळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. पाऊल आणि खांदा यांनी व्हायोलिन धरलं की दोन्ही हात मोकळे राहतात, एक सुरांना आणि एक गजाला. आता हेच व्हायोलिन मुलापेक्षा लांब असेल, तर ते पाचरीसारखं मध्ये ठोकून बसतं. मूल खांदा वर चढवतं, पाठ वाकवतं, आणि आईबाप म्हणतात, पोराला बसायचं वळण नाही.

कोलाडला हायवेवर खानावळ चालवणारे एक गृहस्थ पाच वर्षांच्या मुलासाठी पूर्ण मापाचं व्हायोलिन घेऊन आले होते. मी म्हटलं, हे तुम्हाला होईल. "वाढंल की त्यो," ते म्हणाले. मी म्हटलं, वाढेल, पण रियाज आजपासून आहे ना? तोवर मुलानं ते व्हायोलिन जमिनीवर आडवं ठेवून त्यावर पट्टीनं भात परतायला सुरुवात केली होती. त्या घरात पुढे वादक नाही, स्वयंपाकीच तयार होणार असं मला वाटलं.

दुसरी एक मुलगी बसली की रडायची. मी तारा खाली घेतल्या, तारांखालची घोडी तासली, हनुवटीची वाटी बदलली, खुंट्यांना साबण लावला. रडणं चालूच. शेवटी कळलं की तिच्या आजीनं फ्रॉकच्या आत ताईत बांधला होता आणि व्हायोलिन नेमकं त्यावर बसत होतं. ताईत उजवीकडे सरकवला आणि दृष्ट, रडणं, सगळं एकदम उतरलं. तेव्हापासून मी आधी मूल तपासते आणि मग व्हायोलिन.

पण मला सांगायचं आहे ते आर्वीबद्दल.

आर्वी दुसरीत होती. वडील रोह्याच्या कंपनीत शिफ्टला, आई प्रतीक्षा घरी शिकवण्या घेते. आईचं माहेर जोहे, म्हणजे घराघरात गणपतीचे कारखाने असलेलं गाव. आर्वीचे आजोबा, काशीनाथदादा, तिथले जुने मूर्तिकार. सुट्टीत आजोळी गेली असताना त्यांच्या कारखान्यात आर्वी फळीवरून पडली आणि डावी हासळी मोडली. हाड जुळलं, पण जुळल्या जागी चिंचोक्याएवढा उंचवटा राहिला. डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं आहे, वाजवू दे, फक्त त्या जागेवर दाब नको. लहान मुलांत असा उंचवटा पुढे जिरून जातो, असंही ते म्हणाले होते. पण 'पुढे' या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही.

तिच्या वडिलांनी अर्थातच वाढत्या अंगाचं, अर्ध्या मापाचं व्हायोलिन आणलं होतं. मी ते काढून घेतलं आणि पाव दिलं. ते पाव व्हायोलिन अष्टमीतल्या एका बेने इस्रायली कुटुंबाचं. ते लोक इस्रायलला निघाले तेव्हा त्यांच्या आजी ते माझ्याकडे ठेवून गेल्या. "मुलांचं आहे, मुलांतच फिरू दे," म्हणाल्या. तेव्हापासून ते फिरतंय. एकाला लहान झालं की दुसऱ्याकडे जातं.

पाव मापानं पाठ सरळ झाली, खांदा उतरला. तरी बूड टेकत होतं ते नेमकं त्या उंचवट्यावर.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाय." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, तिथेच मला समजलं.

मुलांच्या तोंडाकडे मी बघतच नाही, तोंड शिकवलेलं असतं. मी पायाकडे बघते. व्हायोलिनचं डोकं ज्या पावलावर असतं त्याची बोटं दुखलं की आत वळतात, आणि ते मुलाच्या गावीही नसतं. आर्वीची बोटं आत वळून पांढरी पडली होती. वर तोंडानं मात्र ती हसत होती. सरांनी तिच्यादेखत प्रतीक्षाला सांगितलं होतं, "हाडाशी खेळ नको. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर पेटी शिकवू." सरांचं काही चुकलं नव्हतं. पण त्या पोरीला पेटी नको होती. ती व्हायोलिनला रात्री शेजारी निजवते, असं तिची आई सांगायची. दुखतं म्हटलं की व्हायोलिन जाणार, एवढंच तिनं ओळखलं होतं आणि म्हणून ती दात आवळून गप्प होती.

आता मला झोप लागेना. पोरगी सांगणार नाही, हाड तर तिचंच. उद्या काही बिघडलं तर? आणि नाही बिघडलं, पण वाद्य म्हणजे दुखणं एवढंच तिच्या अंगात भिनलं तर? मी स्पंज लावून बघितला, तो दबून पापड व्हायचा. नॅपकिनची गुंडाळी घसरायची. मग बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशी मोहरीची उशी शिवली. ती खांद्यावर बसली झकास, पण गज फिरला की आत मोहरी सळसळायची. सर म्हणाले, "ताई, व्हायोलिन ऐकू की खुळखुळा?"

काय हवं होतं ते मला कळत होतं. त्या एका खांद्यावर बसेल आणि उंचवट्याच्या जागी पोकळ असेल अशी कडक, हलकी टेकणी. फक्त खांद्याचं नेमकं माप मला घेता येत नव्हतं. मग एका सकाळी हसूच आलं. जिच्या आजोबांचं उभं आयुष्य साचे काढण्यात गेलं तिच्या खांद्याच्या मापासाठी मी पेणमध्ये पट्टी घेऊन बसले होते.

आर्वीला सुट्टी लागल्यावर मी पेणहून एसटीनं जोह्याला गेले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. न रंगवलेले गणपती ओळीनं वाळत बसलेले. काशीनाथदादांनी माझं बोलणं ऐकलं आणि लगेच हात धुतले.

"सोप्पं हाय. शाडू लावून ठसा घेतू, त्यात प्लास्टर वततू. खांदा तयार. मंग त्यावर कागदाचा लगदा थापला की तुमची टेकणी. लगदा हलका असतो, आनी वाळला की दगड."

"प्लास्टर अंगावर नाही ना लावायचं? ते तापतं."

"अंगाला फकस्त शाडू, ताई."

"आणि जोरात दाबू नका हं."

"ताई, मी उंदराचे कान करतो. नाय दाबनार." मग नातीला हाक मारली, "ये गो आर्वे, बस हतं."

गार शाडू लागल्यावर आर्वी खिदळली. माझा जीव वर. पण त्यांचा हात इतका अलगद फिरत होता की मी हळूहळू श्वास सोडला. एक गोष्ट मात्र तेव्हाच दिसली होती. उंचवट्यावर शाडू लावताना ते नातीकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसाची लकब असेल, म्हणून मी ते सोडून दिलं.

काही दिवसांनी ते स्वतःच टेकणी घेऊन पेणला आले. काय वस्तू होती! पानासारखी हलकी, कडा गोल, कुठे रेघ नाही. मी आतून फ्लॅनेल लावलं, मागे रबर बसवलं आणि रविवारी आम्ही दोघंही रोह्याला गेलो. आर्वी मांडी घालून बसली, समोर आजोबा. तिनं सारेगम वाजवलं.

"कसं वाटतं?" आजोबांनी विचारलं.

"एकदम भारी."

मी पायाकडे बघितलं. बोटं आत वळलेली होती.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी तिला बाहेर नेलं आणि फ्रॉकचा गळा जरा सरकवला. उंचवट्यावर लालभडक वळ. आर्वीनं माझा हात घट्ट धरला. "मावशी, आजोबांना नको सांगू. त्यांनी केलंय."

टेकणीच्या आत मी अंगठा फिरवला. फ्लॅनेलखाली सगळीकडे सपाट. जिथे पोकळ लागायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. वस्तूच्या देखणेपणाला भुलून फ्लॅनेल लावताना मी हे तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परत जोह्याला. तिथे फळीवर, दोन गणपतींच्या मध्ये, प्लास्टरचा तो छोटा खांदा ठेवलेला होता. मी उचलून बघितला. गुळगुळीत, गोलसर, देवाचा असावा तसा. त्यावर मोडलेलं हाड कुठेच नव्हतं.

"दादा, इथला उंचवटा कुठे गेला?"

त्यांनी खांदा हातात घेतला, उजेडात फिरवला.

"पालिश पेपर मारला," ते म्हणाले. "खोट दिसली की हात जातो. मूर्तीत खोट ठेवायची नाय, येवढंच जल्मभर केलं. मना कळलंच नाय कवा गेला."

"पण टेकणी त्या खोटीसाठीच करायची होती."

"व्हय." ते खाली बसले. मग त्यांनी न विचारता सांगितलं. मोठ्या मूर्तीचे डोळे आखायचे होते. डोळे आखताना बघायचं म्हणून आर्वी हट्टाला पेटली. ती आपणहून चढली नव्हती. "मीच उचलून फळीवर ठेवली. फळी सरकली. तवापासून त्या हाडाकडं बघवत नाय, ताई. ठसा घेतला तो पन भिताडाकडं बघून. आनी आता तुमी सांगता, तेच हाड पुन्यांदा माझ्या हातानं बनवा."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण माझ्यासमोर तो लाल वळ होता आणि सरांची दिवाळीची मुदत होती. मी म्हटलं, "बनवू नका. जे येईल ते फक्त ठेवा."

पुढच्या रविवारी क्लास बुडवून प्रतीक्षा आर्वीला जोह्याला घेऊन आली. पुन्हा गार शाडू, पुन्हा खिदळणं. प्लास्टर घट्ट झाल्यावर दादांनी शाडू सोडवला. पांढरा खांदा बाहेर आला आणि त्यावर तो चिंचोका, स्पष्ट. दादांचा हात आपसूक बाजूच्या पॉलिश पेपरकडे गेला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आर्वीनं तो कागद ओढून घेतला आणि त्यावर बसली.

"नको ना आजोबा. ते माझं हाय. ऱ्हाऊ दे."

दादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. सगळा लगदा प्रतीक्षानं थापला, दादा नुसतं तोंडानं सांगत होते. ती दुसरी टेकणी काही देखणी झाली नाही. एका बाजूला फुगली होती, कड वाकडी होती. पण रविवारी आर्वी ती लावून बसली आणि मी श्वास रोखून पायाकडे बघत राहिले. बोटं सुटी होती. थोड्या वेळानं अंगठा तालात हलायला लागला. मी पिशवीत तोंड घालून उगाच हत्यारं आवरली, कारण माझे डोळे भरून आले होते. सरांनी पेटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मुलाचा खांदा काही थांबत नाही. म्हणून दर सुट्टीत नवा ठसा, नवी टेकणी. जोह्यातल्या त्या फळीवर आता आर्वीचे खांदे ओळीनं बसलेत, लहानापासून मोठे. मूर्ती घ्यायला आलेली माणसं विचारतात, हा कुठला देव? दादा म्हणतात, "घरचा हाय."

गेल्या गणपतीनंतरची गोष्ट. आर्वीला पाव व्हायोलिन आखूड पडायला लागलं होतं, अर्ध्याची वेळ झाली होती. जोह्याहून पेणला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दादांनी नवा खांदा पाठवला, टेकणी थापण्याआधी अर्ध्या व्हायोलिनला लावून बघायला. मी कागद उलगडला, सवयीनं अंगठा फिरवला आणि माझं डोकंच फिरलं. सपाट. मी लगेच फोन लावला.

"दादा, परत तासलंत?"

"नाय ताई."

"अहो, मी हातात धरून बोलतेय. गुळगुळीत आहे."

"देवाशपथ, या वक्ताला पालिश पेपर घरात नव्हता. पोरीनंच लपवलाय. तो खांदा मी नीट बघितला पन नाय, गुंडाळला नि पाठवला."

माझा विश्वास बसला नाही. जन्माची सवय अशी सुटत नसते, हे मला माझ्यावरून माहीत आहे. रविवार कसाबसा गाठला. तिच्या वडिलांनी आणलेलं अर्धं व्हायोलिन घेऊन क्लासमध्ये शिरले ती सरळ आर्वीपाशी गेले आणि गळ्याखाली बोट ठेवलं. हाडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. थोडं दाबून बघितलं.

"काय शोधतेस मावशी?"

"ते कुठाय गं?"

"ते गेलं. कधीच. तुला म्हाईत नाय?"

वर्षभर मी तिच्या पायाच्या बोटांवर डोळा ठेवून होते आणि हाड माझ्या नकळत कामाला लागलं होतं. मी बाहेर जाऊन पुन्हा फोन लावला आणि दादांना सांगितलं.

"नक्की?" ते म्हणाले. "नीट बघा. तुमी घाईत असाल."

"दोनदा बघितलं."

"मी येतो."

क्लास सुटून गेला तरी आम्ही बसून राहिलो. दुपारच्या गाडीनं दादा आले, पूल चालत ओलांडून, अंगावर कारखान्यातला सदरा तसाच. पाणीही घेतलं नाही. आर्वीसमोर बसले. पडल्यापासून त्या हाडाला त्यांनी शाडूखेरीज बोट लावलं नव्हतं. आता त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि मूर्तीवरून फिरवतात तसा हळूहळू फिरवला. थांबले, पुन्हा फिरवला. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते.

मग त्यांनी हात काढून घेतला, सदऱ्याला पुसला आणि अर्धं व्हायोलिन स्वतः उचलून तिच्या पावलावर टेकवलं.

"वाजव गो," ते म्हणाले.